व्यंजनें गेलीं, स्वर राहिले



गेल्या कार्तिकापासून ह्या सदरांत आम्हीं शब्दांची व्युत्पत्ति, पंचांगांतील कोडीं आणि शाळेंतील जुन्या आठवणी ह्यांवर मजकूर दिला. घरचें वर्तमान म्हणून कांहींच दिलें नाहीं. त्यामुळें ‘मंडळी कुशल आहेत ना?’ अशी पृच्छा करणारीं पत्रें आलीं आहेत. मंडळी कुशल आहेत. परंतु ह्या आठ महिन्यांत आमच्या घरांत दोन मोठीं स्थित्यंतरें झालीं, आणि तीं अंगवळणीं पडल्यावांचून त्यांविषयीं लिहूं नये असें वाटलें. पहिलें, आम्हीं मिरज सोडली. दुसरें, आमच्या कानांनीं आम्हांस सोडण्यास आरंभ केला.

स्थलांतराची हकीकत थोडक्यांत सांगतों. आमचें कुटुंब बारा माणसांचें. आम्ही व सौ., आमच्या वडील भगिनी आक्का, धाकटे बंधु व वहिनी, एक मुलगा, एक पुतण्या, दोन सुना आणि तीन नातवंडें. मुलगा व पुतण्या दोघेही नोकरीनिमित्त पुण्यास. त्यामुळें दहा वर्षें हीं बारा माणसें सणावारीं तेवढीं एका पंक्तीस बसत. अखेर दोघांनीं मिळून पुण्यांत एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन गाळे घेतले, इंजिनियराचा सल्ला व सोसायटीची अनुज्ञा घेऊन मधल्या भिंतींत दार पाडलें, आणि आम्हां पांच वृद्धांस घेऊन गेले. दोन गाळ्यांत चूल एकच असावी हा सौ.चा आग्रह, व देवघर एकच असावें हा आक्कांचा. दोन्ही आग्रह मान्य झाले. मिरजेचा वाडा विकलेला नाहीं. शेजारचें एक कुटुंब तेथें रोज सांजवात करतें. सामानांत तांब्याचा बंब आला नाहीं, माळ्यावरचीं मोठीं पातेलीं आलीं नाहींत; परंतु आमचा तंबोरा आला, आणि आक्कांचें जातें आलें. जातें लिफ्टमधून वर नेतांना हमालानें, ‘आजी, पुण्यांत पीठ विकत मिळतं,’ असें सांगून पाहिलें. आक्कांनीं त्यास चहा दिला, उत्तर दिलें नाहीं.

आतां कानांविषयीं. गेल्या दोन वर्षांपासून घरांतील संभाषणांस एक विलक्षण वळण लागलें होतें. सूनबाई म्हणे, ‘बाबा, पाट मांडलाय,’ आणि सकाळीं अकरा वाजतां खाट कशाला, असा आम्हांस प्रश्न पडे. ‘साखर संपली’ हें आम्हांस ‘भाकर संपली’ असें ऐकूं येई, आणि ‘मग भातावर भागवूं’ हें आमचें समंजस उत्तर ऐकून मुलें पोट धरून हंसत. गंमत अशी कीं, मुलें हंसलीं हें आम्हांस स्वच्छ ऐकूं येई. आवाज पुरता येई. बोलणें तेवढें पुसट येई.

शेवटीं पुतण्यानें आम्हांस तपासणीसाठीं नेलें. पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्यावर आमची परीक्षा झाली. एका बंद खोलींत बसवून कानांवर हेडफोन चढविले आणि हातांत एक कळ दिली. आवाज ऐकूं आला कीं ती दाबावयाची. दर सेकंदास २५० कंपनांच्या खालच्या नादापासून ८,००० कंपनांच्या टिपेपर्यंत एकेक नाद क्रमाक्रमानें मंद करीत नेतात, आणि ऐकूं येणारा सर्वांत मंद नाद कोणता त्याची कागदावर खूण करतात. आमच्या दोन्ही कानांचा आलेख २,००० कंपनांपर्यंत देशावरच्या पठारासारखा सपाट निघाला, आणि तेथून पुढें आंबा घाट उतरावा तसा सरळ खालीं गेला. तपासणाऱ्या बाईंनीं कारणही नीट समजावून दिलें. अंतःकर्णांत शंखाकृति नलिका असते व तींत सूक्ष्म रोमपेशी असतात. उंच नादांच्या पेशी प्रवेशाजवळ, खालच्या नादांच्या आंत टोकाशीं. वयोमानानें प्रथम झिजतात त्या उंच नादांच्या. मनुष्याच्या कानांत एकदां गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहींत.

आतां बोलण्यांतील अ, आ, ओ ह्या स्वरांचें बळ मुख्यत्वें खालच्या कंपनांत असतें. स, श, फ, थ, ख ह्या व्यंजनांची ओळख पटविणारी फुंकर मात्र बरीचशी २,००० च्या पलीकडे, आणि ‘स’ची तर ४,००० च्याही वर. म्हणजे शब्दांतून व्यंजनें गळतात व स्वर तेवढे उरतात. पाट, खाट आणि ताट ह्यांत आम्हांस ‘आ’ ऐकूं येतो, बाकीचें अनुमान. पतंजलीनें महाभाष्यांत स्वर व व्यंजन ह्यांचा भेद सांगितला आहे, त्याचा भावार्थ असा कीं, स्वर आपल्याच तेजानें शोभतात आणि व्यंजनें त्यांच्या मागून चालतात. हें आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें. अनुयायी आधीं सोडून जातात आणि राजा एकटा उरतो, हा त्याचा उत्तरार्ध आमच्या कानांनीं शिकविला. घरीं येऊन ‘आमचीं व्यंजनें गेलीं’ असें आम्हीं जाहीर केलें, तेव्हां सौ. म्हणाल्या, ‘पानातली अजून एकही सुटत नाहीत!’

सर्व हंसले, आम्हीही हंसलों. तरी त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. भय होतें तें गाण्याचें. आम्ही गवई नव्हे, ऐकणारे. परंतु मिरजेंत जन्म गेला म्हणजे कान आपोआप तयार होतो. ह्या गांवीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकवीत. लहानपणीं फटाक्यानें डोळे अधू झालेले विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं येथेंच गाणें शिकले, आणि पुढें १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें. अब्दुल करीम खां ह्यांनीं १९३७ सालीं प्रवासांत देह ठेविला, परंतु त्यांना चिरविश्रांति मिळाली ती मिरजेच्या दर्ग्यांत. त्यांच्या स्मरणार्थ तेथें दरवर्षीं गाणें होतें. तेथील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यांतून सतारी व तंबोरे घडवीत आले आहेत, आणि २०२४ सालीं मिरजेच्या ह्या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकन मिळालें.

आमचा तंबोराही तेथलाच. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी लावतात. ती नेमकी लागली कीं, एकाच तारेंतून मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कित्येक पटींच्या कंपनांचे सूक्ष्म नाद झंकारत उठतात. कानांच्या तपासणीपूर्वींची गोष्ट: पुण्यास आल्यावर तंबोरा जुळवून छेडला, तों तारा वाजत होत्या पण झंकार नव्हता. धागा पुन्हा पुन्हा सरकवून पाहिला. इतक्यांत थोरली नात आली आणि म्हणाली, ‘आजोबा, काय सुरेख घुमतोय!’ तेव्हां समजलें कीं, जवारी उतरली होती ती तंबोऱ्याची नव्हे.

पुढें श्रवणयंत्र आलें. पहिल्याच दिवशीं पाट व खाट निराळे झाले. फोडणीचा तडतडाट, वर्तमानपत्राची सळसळ, दाराच्या बिजागरीची कुरकुर, असे कित्येक परागंदा झालेले आवाज घरीं परतले. संध्याकाळीं मोठ्या उत्कंठेनें तंबोरा घेतला. चार-सहा आवर्तनें ऐकूं आला आणि हळूहळू विझत गेला! आजच्या श्रवणयंत्रांत एक चिमुकला संगणक असतो. कान जेथें उणा, तेथें तो आवाज वाढवितो. आणि जो आवाज सतत एकसारखा चालतो तो गोंगाट समजून दाबतो. पंखा, मोटार ह्यांच्यापुरतें हें धोरण उत्तमच. पण सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजेच तंबोरा! आमच्या पूर्वजांनीं ज्यास सर्व गाण्याचा आधार मानलें, त्यास ह्या बापड्या यंत्रानें उपद्रव ठरविलें. दुसऱ्या दिवशीं तंत्रज्ञाकडे गेलों. तो तरुण मोठा विनयशील. सतत वाजतो आणि तरीही गोंगाट नव्हे, असा हा कोणता पदार्थ, हें त्यानें शांतपणें समजून घेतलें, आणि गाण्यापुरती निराळी मांडणी यंत्रांत करून दिली. एक कळ दाबली कीं यंत्र आपला शहाणपणा आवरतें. आतां तंबोरा ऐकूं येतो. पूर्वीचा नव्हे, पण ऐकूं येतो.

ह्याच निमित्तानें एक आनंदाचा शोध लागला. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आलें. त्यापूर्वीं गायकानें कर्ण्यासमोर तोंड नेऊन गावयाचें, आणि केवळ त्या आवाजाच्या जोरानें सुईनें मेणावर रेघ ओढावयाची, अशी रीत होती. त्या रेघेंत साधारण अडीच हजार कंपनांपलीकडचें फारसें कांहीं उमटत नसे. म्हणजे जुनी तबकडी जेथें थांबते, जवळजवळ तेथेंच आमचा कानही थांबतो! आजचें ध्वनिमुद्रण लावलें तर आम्हांस त्यांतील बराच भाग पारखा. शंभर वर्षांपूर्वींची तबकडी लावली तर आमचें कांहींच हरवत नाहीं. नात चौदा वर्षांची, आम्ही अडुसष्टांचे; पण त्या तबकडीपुढें दोघांचे कान एका वयाचे.

अशा कितीतरी तबकड्या संग्राहकांनीं संगणकावर उतरवून इंटरनेटवर ठेविल्या आहेत. गौहरजान हिचें गाणें फ्रेड गैसबर्ग ह्या गृहस्थानें १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित केलें. तबकडीवर जागा अवघी तीन मिनिटांची; तेवढ्यांत चीज मांडून, ताना घेऊन, शेवटीं ती मोठ्या ठसक्यानें इंग्रजींत आपलें नांव सांगते. कारण मेणाचे मूळ ठसे जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, आणि तबकडी कोणाची हें तेथील कारागिरांस कळावें लागे. आमच्या सात वर्षांच्या धाकट्या नातवास ही रीत इतकी आवडली कीं, हल्लीं तो ‘शुभंकरोति’ संपलें कीं हात जोडूनच इंग्रजींत आपलें संपूर्ण नांव पुकारतो. देवासही कळावें, असें त्याचें म्हणणें.

श्रवणयंत्र कितीही शहाणें असलें तरी चार माणसें एकदम बोलूं लागलीं कीं तें गोंधळतें. त्यावर थोरल्या सूनबाईंनीं तोड काढली. रात्रीं जेवणें झालीं कीं अर्धा तास सर्वांनीं दिवाणखान्यांत बसावें, एका वेळीं एकानेंच बोलावें, आणि तें आमच्याकडे तोंड करून सावकाश बोलावें; मुलांना इंटरनेटवर जें कांहीं गमतीचें सांपडलें असेल तें त्यांनीं सांगावें. तोंपर्यंत बारा माणसें व नऊ मोबाइल दोन गाळ्यांत विखुरलेलीं असत, आणि ज्याच्या त्याच्या कानांत ज्याचें त्याचें गाणें. न ऐकणाऱ्यांची संख्या घरांत आमच्या एकट्यापुरती नव्हती, इतकें नमूद करून पुढें जातों.

पहिला मान मिळाला तो केंब्रिज विद्यापीठांतील कॉफीच्या भांड्यास. तेथील संगणकशाळेंत दूरच्या खोलीपर्यंत चालत जावें, आणि भांडें रिकामें पाहून परत यावें, असें वारंवार घडे. म्हणून १९९१ सालीं संशोधकांनीं भांड्यावर एक कॅमेरा रोखला व त्याचें चित्र आपापल्या संगणकावर आणलें. १९९३ पासून तें चित्र साऱ्या जगास दिसूं लागलें, आणि देशोदेशींचे लोक त्या भांड्यांत कॉफी किती उरली हें टक लावून पाहूं लागले. २००१ सालीं कॅमेरा बंद झाला, तेव्हां तें भांडें ‘डेर श्पीगेल’ ह्या जर्मन प्रकाशनानें ३,३५० पौंडांस विकत घेतलें. हें ऐकून सौ. म्हणाल्या, ‘परक्याच्या कॉफीवर साऱ्या जगाचं लक्ष, आणि घरात बारा माणसं असून उतू जाणाऱ्या दुधाकडे बघायला एक नाही!’ त्या आठवड्यांत दूध एकदांही उतूं गेलें नाहीं.

थोरल्या नातवानें आणलेली गोष्ट निराळ्या तोलाची निघाली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्याच्या वीस वर्षें आधीं, १८५७ सालीं, पॅरिसमधील एदुआर-लेओं स्कॉट द मार्तिनव्हील ह्यानें आवाज कागदावर उमटविणारें यंत्र केलें. काजळी धरलेल्या कागदावर एक ताठ केंस आवाजाबरोबर थरथरत रेघ ओढी. ती रेघ पुन्हा वाजवावी हा विचारच त्याच्या मनांत नव्हता. आवाज डोळ्यांनीं वाचतां यावा, एवढाच हेतु. ९ एप्रिल १८६० रोजीं त्यानें एका फ्रेंच लोकगीताचा तुकडा असा लिहून घेतला. तो कागद दप्तरांत पडून राहिला. २००८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं त्या रेघेचें चित्र घेऊन संगणकाच्या साहाय्यानें ती वाजविली, आणि १४८ वर्षांनीं तें गाणें प्रथम ऐकूं आलें. आवाज एखाद्या मुलीचा वाटला. पुढच्याच वर्षीं ध्यानांत आलें कीं, वेग दुप्पट धरला गेला आहे. तो निम्मा करतांच सावकाश गाणारा पुरुष प्रगट झाला, बहुधा स्वतः स्कॉटच. वेगाचा निर्णय झाला तो त्याच कागदावरून. स्कॉटनें आपल्या आवाजाशेजारीं नादकाट्याची थरथरही उमटवून ठेविली होती. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर गाण्याबरोबर षड्जही लिहून ठेविला होता.

आम्हीं मुलांस सांगितलें कीं, आपल्याकडे ह्याच्या नेमकें उलट घडलें. स्कॉटनें नाद डोळ्यांच्या स्वाधीन केला. वेदपाठकांनीं लेखणी दूर ठेवून शब्द कानांच्या स्वाधीन केला, आणि पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजून एका अक्षराचीही चूक पकडली जाईल असा बंदोबस्त केला. मार्ग भिन्न, पण पुढें कोणीतरी लक्ष देणारा भेटेल हा विश्वास दोहोंकडे सारखाच.

नातीनें आणलेली गोष्ट आमच्याच बाजूची, परंतु आतां फार दूर गेलेली. गोव्यांतील केरी गांवीं १८९२ सालीं जन्मलेल्या, अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर वाचकांस सांगावयास नकोत. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी, सोबत सुई, आणि ती कशी वाजवावी ह्याच्या आकृत्या. पृथ्वीवरील संगीताचे सत्तावीस नमुने तींत आहेत. भारताच्या वतीनें एकच, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. ती तबकडी शोधून शोधून मिळाली ती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानांत, मागच्या बाजूस मेजाखालच्या खोक्यांत. व्हॉयेजर-१ हें यान ५ सप्टेंबरास निघालें आणि १६ सप्टेंबरास केसरबाई निवर्तल्या. २०१२ सालीं तें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर ताऱ्यांमधील अवकाशांत शिरलें. त्याच तबकडीवर पंचावन्न भाषांतून नमस्कार आहेत व त्यांत मराठीही आहे. परग्रहावरच्या मंडळींनीं ह्या जन्मीं धन्य व्हावें, अशी शुभेच्छा मराठींत धाडलेली आहे. त्यांच्याकडे पुढचे जन्म असतात कीं कसें, ही चौकशी न करतां!

सर्व हंसले. कोपऱ्यांत आक्का जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, ‘पण तिकडे ऐकायला कुणाला कान असतील, कशावरून?’

‘नाही माहीत, आत्याआजी. तरी पाठवलं,’ नात म्हणाली.

आक्का ‘हूं’ म्हणाल्या आणि माळ पुढें चालूं झाली. नात मात्र विचारांत पडली असावी. कारण दुसऱ्या दिवशीं तिनें आणलें तें खास आक्कांसाठीं होतें.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह अनेक वर्षें महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून हिंडून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. ‘परी’ ह्या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या, ग्रामीण भारताविषयींच्या संकेतस्थळावर त्या क्रमशः प्रसिद्ध होत आल्या आहेत. कित्येक तर प्रत्यक्ष गाणाऱ्या बाईच्या आवाजांत. त्यांतील एक नातीनें लावली. एका अनोळखी बाईनें पहिली ओळ म्हटली; आणि तिनें दुसरी उचलण्याच्या आंतच आक्कांनीं ती म्हटली. फरक एका शब्दाचा. त्या बाईच्या गाण्यांत जेथें तिच्या गांवची नदी होती, तेथें आक्कांच्या तोंडीं कृष्णा आली. खोलींत कोणी बोललें नाहीं. आक्का म्हणाल्या, ‘ही आईची.’

आईच्या मांडीवर डोकें ठेवून पहाटेच्या दळणाबरोबर ह्या ओव्या आम्हीं अर्धवट झोंपेंत ऐकल्या आहेत. त्यांची चाल आमच्या अंगांत मुरलेली आहे, परंतु शब्द एकही सांगतां येत नाहीं. शब्द राहिले ते आक्कांपाशीं. आक्कांचें वय अठ्ठ्याहत्तर, आणि त्यांची स्मृति आतां पूर्वींसारखी उरलेली नाहीं. सकाळीं घेतलेलें औषध दुपारीं आठवत नाहीं. ओवीचा पूर्वार्ध येतो व उत्तरार्ध उंबऱ्यापर्यंत येऊन मागें फिरतो. पण धाकट्या सूनबाईंनीं एक युक्ति केली. जातें मांडून मूठभर गहूं पुढें ठेवले आणि म्हणाल्या, ‘आत्या, जरा दळून दाखवा.’ खुंटा हातीं आला, हात फिरूं लागला, आणि माघारीं गेलेला उत्तरार्ध मुकाट्यानें आंत आला. लिफ्टमधून दगड कशाला आणला, ह्याचें उत्तर आक्कांनीं हमालास कां दिलें नाहीं, तें त्या दिवशीं समजलें.

तेव्हांपासून दर रविवारीं सकाळीं आमच्या घरीं ओव्यांची बैठक असते. आक्का दळतात व गातात. नात मोबाइलवर ध्वनि घेते व वहींत शब्द टिपते. ‘वैरणें’ म्हणजे जात्याच्या तोंडांत दाणे घालणें, ‘पायली’ म्हणजे चार शेर, असे अर्थ तिला ठाऊक नसतात. ते आम्ही सांगतों. शब्द आम्हांस ऐकूं येत नाहींत, म्हणून ती वही आमच्यापुढें धरते, आणि वहींतील अक्षरें व कानांतील स्वर जुळवून आम्ही ओवी पुरी ऐकतों. एकीपाशीं शब्द, एकापाशीं अर्थ, एकीपाशीं कान व लेखणी. एका ओवीस अशीं तीन माणसें लागतात. आजपर्यंत त्र्याऐंशी ओव्या लिहून झाल्या. एकोणीस अजून अर्ध्या आहेत. त्यांतल्या कांहीं तशाच राहतील, हें आम्हां सर्वांस दिसत आहे, आणि कोणी तें बोलून दाखवीत नाहीं.

धाकटा नातू ह्या बैठकीचा व्यवस्थापक आहे. जात्यास तो ‘आत्याआजीची तबकडी’ म्हणतो. पहिल्याच रविवारीं त्यानें हट्ट धरला कीं, गाणें संपलें म्हणजे नांव सांगितलेंच पाहिजे. आक्का प्रथम लाजल्या. मग त्यांनीं आपलें माहेरचें नांव, वडिलांचें नांव व गांव मिरज, असें हळू पण स्पष्ट सांगितलें. सदतीस वर्षांच्या वैधव्यांत व त्याआधींच्या संसारांत त्यांना कोणी आक्का म्हटलें, कोणी काकू, कोणी आत्या. तें नांव घरांतील तिन्ही मुलांनीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें.

वाचकांस आमची विनंती एवढीच. आपल्या घरींही एखादी आक्का, आजी, मावशी असेल. तिच्यापाशीं मंगळागौरीचीं गाणीं, भोंडल्याचीं गाणीं, व्रतांच्या कहाण्या, निदान बाळास झोंपविण्याची एखादी चाल असेलच. तिला गाण्यास बसवूं नये. तिच्या हातांस पूर्वींचें काम द्यावें, म्हणजे गाणें आपण होऊन येतें. पंखा बंद करावा, मोबाइल घडी घातलेल्या कापडावर तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, मध्यें कोणी बोलूं नये. शेवटीं तिच्याच तोंडून नांव, गांव, गाणें कोणाकडून शिकली तें, व त्या दिवसाची तारीख वदवून घ्यावी. शब्द त्याच दिवशीं वहींत उतरावे आणि त्याची एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. तसेंच घरांतील साठी उलटलेल्यांनीं डोळ्यांबरोबर कानही तपासून घ्यावे, आणि बाकीच्यांनीं त्यांच्याशीं बोलतांना ओरडूं नये. समोर येऊन सावकाश बोलावें. ओरडण्यानें स्वर तेवढे मोठे होतात. व्यंजनें परत येत नाहींत.

आषाढ सरत आला. श्रावणांत धाकट्या सूनबाईंची मंगळागौर आहे, आणि आक्कांनीं मुलींस दोन खेळ शिकवावयास घेतले आहेत. सहाव्या मजल्याच्या खालीं राहणाऱ्या बिऱ्हाडास तशी पूर्वसूचना देऊन ठेविली आहे. पुढील महिन्यांत नेहमीप्रमाणें शब्दांकडे वळूं. आज येथें थांबतों. जेवणें झालीं आहेत, मंडळी दिवाणखान्यांत जमत आहेत, आणि आज सांगण्याची पाळी आमची आहे.